कव्हरवरचं घर

गायक ऑर्विल टॅकेटला मूठमाती दिल्यावर त्याचा एक म्हातारा चाहता दूरच्या लबक शहरातून गाडी हाकत थेट त्याच्या बायकोच्या, व्हर्लीनच्या, दारात आला. काखेत ऑर्विलच्या सगळ्या रेकॉर्डी. व्हर्लीननं त्याला आत बसवलं, कॉफी दिली. त्यानं डोक्यावरची हॅटसुद्धा काढली नाही.

"प्रत्येक रेकॉर्डवर एकच गाऱ्हाणं आहे, बाई. बायको सोडून गेली, घर खायला उठतं. आम्ही धटिंगण माणसं बारमध्ये बसून रडायचो. तुम्हाला एकदाही त्याच्याकडे परत जावंसं वाटलं नाही?"

"साखर किती घालू?"

"विषय बदलू नका."

व्हर्लीननं त्याच्या गठ्ठ्यातली सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड काढली. कव्हरवर ऑर्विल एका घराच्या पायरीवर एकटाच बसला होता. मांडीवर गिटार, मान खाली, मागे बंद दार.

"हे घर ओळखलंत?"

त्यानं कव्हर पाहिलं, मग दारातून बाहेरची पायरी पाहिली.

"आता खिडकीकडे बघा. पडद्याच्या कडेला बोटं दिसतात ना, ती माझी. फोटोवाला म्हणाला होता, घर रिकामं वाटायला हवं, तुम्ही जरा आड व्हा."

चाहत्यानं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "मग?"

"मग काय. मी दोघांची ताटं वाढून ठेवली होती. फोटो झाला, आणि ऑर्विल घरात न येता पायरीवरूनच परत गेला."