शुक्रवारची बैठक

पारनेरात चांदभाई पिंजाऱ्याच्या पडवीत दारू सोडलेली माणसं दर शुक्रवारी एकत्र बसतात, असं छबूबाईनं बाजारात ऐकलं आणि नवऱ्याचा हात धरून ती चार कोस चालत आली. सेहेचाळीस सालचा उन्हाळा होता. त्यांची लेक विहिरीत बुडाल्याला वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून सहादेवचा एकही दिवस पिण्यावाचून गेला नव्हता. "लेकीच्या दुःखानं पित्यात," ती चांदभाईला म्हणाली, "ह्यास्नी बरं करा." पडवीत सहा माणसं होती. चांदभाईनं सहादेवला त्यांच्यात बसवलं. "हितं औषध न्हाई, दादा. पिऊन काय केलं, ते आपल्याच तोंडानं सांगायचं." सहादेव म्हणाला, "पोर पडली तवा मी विहिरीच्या काठावरच हुतो. आबा, आबा म्हनून वरडत हुती. समदं ऐकू येत हुतं. पर लई प्यालो हुतो, उठताच आलं न्हाई." त्या दिवशी आपण कर्जतला होतो, असंच त्यानं छबूबाईला सांगितलं होतं. ती उठली. चांदभाईनं हळूच विचारलं, "बाई, म्होरल्या सुक्करवारी आनशील ना यांना?" छबूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "त्याचा त्यो येईल. पर माझ्या घरून न्हाई." ती पायरी उतरली. सहादेव तिच्यामागं जायला उठू लागला, तेव्हा चांदभाईनं खांदा दाबून त्याला खाली बसवलं.