नळी निघेपर्यंत

शिवम्मा पुन्हा कोपरावर उठायला लागली, तसे तिच्या लेकीनं, उमादेवीनं, तिचे खांदे धरले.

“नीज, अव्वा. डोक्यातली नळी निघेपर्यंत उठायचं न्हाय.”

“मग पूजा कवा?”

मांडी घालून बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच पाणी. लिंगायत घरातल्या शिवम्माचा हा नेम बाळंतपणातसुद्धा मोडला नव्हता. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचे ओठ सुकले होते, पण सकाळपासून ती घोटभर पाण्याला शिवली नव्हती.

तेवढ्यात डॉक्टर अर्पिता फेरीवर आल्या. उमरग्याच्या या दवाखान्यात काल त्यांनीच शिवम्माच्या कवटीला दोन भोकं पाडली होती. दोन महिन्यांपूर्वी गोठ्याच्या चौकटीवर डोकं आपटलं, ते घरात सगळे विसरून गेले. आत मात्र रक्त झिरपत, साचत राहिलं आणि एक पाय ओढायला लागला. आता खाटेखाली लोंबणाऱ्या पिशवीत ते थेंब थेंब उतरत होतं, जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट.

“आजी, ऑपरेशनमध्ये लिंग मुठीत ठेवू दिलं की नाही? आता माझं एवढं ऐका. उद्या सकाळपर्यंत आडवंच राहायचं.”

“डोक्याला नळ बसवला. आता पाणीपट्टी बी लावा,” शिवम्मा म्हणाली.

डॉक्टर हसल्या. दाराशी मात्र त्यांनी उमादेवीला थांबवलं. “नुसतं धुऊन टाके घातले असते, तर पुन्हा साचायची भीती जास्त होती, म्हणून नळी ठेवली. त्या उठून बसल्या, तर दबलेला मेंदू नीट वर येणार नाही आणि त्या पोकळीत परत रक्त भरेल. मग कवटीचा तुकडा काढून साफ करावं लागेल, पूर्ण भूल देऊन. या वयात मला ते नको आहे. आणि त्यांना पाणी पाजा.”

“ती बसणार नाही,” उमादेवी म्हणाली.

ती आत आली आणि स्टुलावर टेकली. “अव्वा, निजूनच कर पूजा.”

“निजून? पाव्हणा आला तरी माणूस उठून बसतंय. हा तर देव हाय.”

उमादेवीनं स्टूल खाटेजवळ ओढलं.

“दिवाळीनंतर अप्पा गेले, तवा त्यांना आपल्या रीतीनं मांडी घालून खड्ड्यात बसवलं,” ती म्हणाली. “तळहातावर लिंग दिलं आणि वरून माती लोटली. मी कडेलाच उभी होते. तुला इतक्यात बसलेलं बघायचं न्हाय मला.”

शिवम्मानं छताकडं नजर लावली. मग पांघरुणातून डावा हात बाहेर काढला.

उमादेवीनं तिच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली, कपाळावर पट्टीच्या खाली विभूतीचं बोट ओढलं आणि लिंग तळहातावर ठेवलं. पण मान न उचलता शिवम्माला ते दिसेना. तेव्हा उमादेवीनं तो हात खालून आधार देऊन तिच्या चेहऱ्याच्या वर नेला, तळहात तिच्याकडं कलता केला आणि लिंग घसरू नये म्हणून आपला अंगठा लावून धरला.

शिवम्मा बराच वेळ वर बघत राहिली.

“खालनं लई मोठं दिसतंय गं,” ती म्हणाली. “आण पाणी.”