मसणवट्याखालची रेती

भागीरथानं भाकरीचं फडकं रेतीवर आदळलं आणि कमरेवर हात ठेवून ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"उठता का नाई? वावरातली ओल उडून चालली. आज-उद्या हरभरा नाई पडला तं बसा मंग वर्षभर रिकामं वावर पायत!"

चंद्रभान उठला नाही. घोटाभर पाण्यात उकिडवा बसून तो लाकडी परात गोल गोल फिरवत होता. हलकी रेती पाण्याबरोबर निघून जायची, काळी रेती तळाला राहायची. ती तो बोटानं चाळून पाहायचा. मग पुन्हा नवी रेती. पलीकडे तानबा सोनझारी आणि त्याची बायको हेच करत होते. पण रेतीतलं सोनं वेचायचा त्यांचा धंदाच होता. ह्याचं काय? गिरडच्या टेकडीखाली ह्याची चांगली काळीभोर जमीन, कोठ्यात बैलजोडी, आणि हा बाबा दिवाळीपासून नाल्यात ठाण मांडून बसलेला!

तानबाचे वाडवडील इथलेच. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं मोठं गाव होतं म्हणे, राजेरजवाड्यांच्या काळी. अख्खं गाव नाल्याची रेती धुऊन सोनं काढायचं. सोनं सरलं, गाव उठलं. आता तिथं नुसती जोती उरलीत आणि त्यांच्यावर बोरीची झुडपं. तरी तानबा दरसाल यायचा, आणि हल्ली सरळ मसणवट्याखालचीच रेती धुवायचा. मेलेल्या माणसाच्या तोंडात गुंजभर सोनं ठेवायची आपल्याकडे रीत आहे. राख नाल्यात जाते, सोनं रेतीत बसतं. तानबाचं पोट त्यावर चालायचं, त्याला कोणी नावं ठेवत नसे. पण वावरवाल्या कास्तकारानं मढ्याच्या तोंडचं सोनं हुडकावं? शी!

गावाला तर बोलायला निमित्तच हवं होतं. महादेवराव पाटील पारावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वावर नाई वायाचं तं भूदानात देऊन टाक म्हना लेकाले. कोनाचं तरी भलं होईन." लोक खो खो हसले. भागीरथा तेव्हाच डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तिथून चालली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोकांचं एक वेळ सोसलं असतं. तिला डाचत होतं ते वेगळंच. ह्याच घाटावर भादव्यात तिची नलू जळली होती. अकरा वर्षांची पोर. गावात पटकीची साथ आली, सकाळी नलूला धरलं आणि दुपारी पोर गेली. चंद्रभान बैल घ्यायला उमरेडच्या बाजारात गेलेला, वाटेत सगळ्या नद्यानाल्यांना पूर. तो घरी पोचला तेव्हा घाटावर राखही उरली नव्हती. तो रडला नाही. कोणाशी धड बोललाही नाही. आणि आता त्याच पोरीच्या राखेत हा सोनं शोधतो! भागीरथाला त्याचा संताप आला.

"लाज नाई वाटत?" ती ओरडली. "आपली नलू इथंच जळली. तिच्या राखेतलं सोनं पायजे तुमाले? असा कसा बाप तुमी?"

तानबाची बायको परात ठेवून मुकाट्यानं बाजूला झाली. चंद्रभाननं मान वर केली.

"सोनं नाई पायजे मले. जे निंगते ते सारं तानबाले देऊन राह्यलो. इचार त्याले."

तानबानं खाली बघूनच मान हलवली.

"मंग काऊन बसले इथं?"

"नलूचा सोन्याचा मनी शोधून राह्यलो." त्यानं परात थांबवली. "मी तिचं तोंड नाई पायलं. लाकूडबी नाई ठेवलं तिच्यावर. गंगेत टाकाले एक हाड नाई भेटलं मले. थो मनी तेवढा तिच्या तोंडात होता. तानबा म्हनते, आगीत मन्याचा गोळा होते, पन सोनं कुठं जात नाई. थो भेटला का उठतो. त्याच घडीले तिफन जुपतो."

भागीरथाचे कमरेवरचे हात खाली आले.

"दारात पाय ठेवल्याबरोबर पयले तुले तेच इचारलं होतं मी," तो म्हणाला. "तू म्हनली, ठेवला. म्हनून तं जीव राह्यला माह्या. ठेवला होता ना तू?"

तो तिच्याकडे लहान पोरासारखा बघत होता. पाण्यानं त्याची बोटं पांढरी पडली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. एका शब्दाचं काम होतं. तो उठला असता, बैल बाहेर निघाले असते, हरभरा पडला असता. भागीरथानं वर टेकडीखालच्या आपल्या वावराकडे एकदा पाहिलं. वरची माती उन्हानं करडी पडत चालली होती.

"ठेवला होता," ती म्हणाली.

मग तिनं पदर खोचला, त्याच्या शेजारी पाण्यात बसली आणि दोन्ही हातांनी रेती उपसून त्याच्या परातीत टाकू लागली. भादव्यातल्या त्या दिवशी गावातून एकामागून एक मढी निघत होती, माणसं घाई करत होती, आणि नलूच्या तोंडात तिनं नुसतं तुळशीचं पान ठेवलं होतं.