चंदन काळा पडला

ठमीने वाटीतल्या हळदीत साय घातली, मूठभर बेसन टाकलं आणि बोटाने फेटत काचेच्या पेटीपाशी आली. पेटीत सात फुटांचा चंदन वेटोळं घालून पडला होता. दुपारपर्यंत केतन यायचा होता, पाच वर्षांनी. आणि पोराने सांभाळायला दिलेला चंदनी रंगाचा साप तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता.

बोआ म्हणतात या जातीला. परदेशी, बिनविषारी, अजगराच्या नात्यातला. कतारला नोकरी लागली तेव्हा केतनने तो आईच्या हवाली केला. तेव्हा हातभर होता, अंगावर तपकिरी पट्टे, शेपटीकडे विटकरी. "आये, याला माजा धाकटा भाव समज," असं बोलून गेला. ठमीने तसंच मानलं. आधी लांबून काठीने, मग चिमट्याने, मग सरळ हाताने खाऊ घालायची. नागपंचमीला शेजारची कृष्णाबाई दूध घेऊन आली की ही तिला वाटेला लावायची, "दूध पीत नाय तो. उंदीर असंल तं आन."

पण दुसऱ्या वर्षापासून चंदन काळवंडायला लागला. प्रत्येक कातीमागे थोडा थोडा. पेटी खिडकीशी होती, उन्हात. उन्हाने काय होतं ते मिठागरात जन्म काढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. तिने पेटी आतल्या खोलीत नेली, तिथल्या खिडकीलाही चादर लावली. काही उपयोग नाही! व्हिडिओ कॉलवर केतन "दाखव जरा" म्हणाला की ही म्हणायची, "कात टाकतोय रं, आता नको." पाच वर्षांत एवढी कात शेषानेसुद्धा टाकली नसेल.

लेप लावताना चंदन हलला नाही. ठमी मात्र सारखी दाराकडे बघत होती. पोरगा रागावला तर रागावू दे, पोटचाच आहे. पण 'हा माझा नाहीच' म्हणाला तर? मेलेला लपवून दुसरा आणून ठेवला असं त्याला वाटलं तर? या विचाराने तिला सकाळपासून चहाही गेला नव्हता.

रिक्षा थांबली. केतनने बॅग दारातच टाकली, आईच्या पाया पडला आणि विचारलं, "चंदन कुटं हाय?"

"आदी पाय तं धू."

"धुतो गं. कुटं हाय?"

ठमीने आतल्या खोलीतल्या पेटीकडे बोट केलं. केतन बघतच राहिला. मग त्याने त्या पिवळ्या धुडाला उचलून मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने लेप पुसला. खाली कुळकुळीत काळा रंग निघाला.

"मी काय नाय केलं रं!" ठमीला रडूच फुटलं. "उन्हान ठेवला, तेवढीच चूक झाली. तुजाच हाय तो, तुजे बापाची आन. मी त्याला हातचा जाऊ दिला नाय."

केतन हसायला लागला. इतका हसला की भिंतीला टेकला. "हळद नं बेसन? भजी तलायची व्हती काय याची?"

"हसतस काय मेल्या!"

"अगं आये, उन्हाचं काय नाय यात. काही बोआ असेच असतात. जन्मतात साधे नि प्रत्येक कातीला काले होत जातात. याचे रक्तानच व्हतं ते, मलाच म्हाईत नव्हतं. असा काला मिलावा म्हनून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात."

"मंग यो तुजाच?"

"नाय तं कुनाचा?"

ठमीच्या जिवात जीव आला. दोघांनी मिळून परातीत कोमट पाणी घेतलं आणि ती दोघं चंदनला धुवायला बसली. केतनने खिडकीवरची चादर ओढून काढली. बाहेर न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर कंटेनरवर कंटेनर रचलेले होते.

"आये, आपलं मिठागर तिथंच व्हतं ना? त्या निल्या डब्याखाली?"

"त्याचे जरा अलीकडं. तुजा बापूस फावडं ओढायचा, मी टोपली उचलायची. तू बांधावर बसून मिठाचे खडे चाटायचास. उन्हान ती रास अशी चमकायची, बघवत नसं." तिने पुन्हा एकदा बाहेर पाहिलं. "लय बरं वाटायचं रं."

केतनलाही बरं वाटलं. चंदनला गळ्यात टाकून त्याने बॅग उघडली. खजूर, अत्तर, बदाम. आणि सोनेरी झाकणाची एक डबी त्याने आईच्या ओल्या हातावर ठेवली.

"यो काय?"

"क्रीम हाय. रोज तोंडाला नं हाताला लाव. दोन महिन्यांत गोरी दिसशील बघ."

ठमीने डबी उलटीसुलटी करून पाहिली. ती रागावली नाही. पदराने डबी कोरडी केली आणि परत त्याच्या हातात दिली.

"मी या घरान गोरीच आलती. काली केली ती मिठागराने. आता मिठागर गेलं, तुजा बापूस गेला. एवढा रंगच ऱ्हायलाय त्यांचा, तो पन पुसतस?"