खारातलं रोप

नवरा गेल्यापासून धाकटा दीर विनोद सुरेखाच्या मागेच लागला होता. "वहिनी, एकटीला शेती झेपायची नाय. जमीन माज्याकडं द्या नि तुमी माहेरी जा." ती गेली नाही. १९९८ च्या पावसाळ्यात तिने खाडीपासून लांब असलेल्या किन्हवलीच्या खाचरात भात लावलं, आणि पंधरा दिवसांत रोपं शेंड्यापासून पांढरी पडून करपली.

सुरेखाचं माहेर वसईच्या खाडीकाठचं. बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं की भात असंच करपतं, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली; ती खारट लागली. मग विनोदच्या गोठ्यामागे पडलेली खडेमिठाची रिकामी पोती पाहिली आणि भावाकडून खारजमिनीतल्या लाल भाताचं रोप टेम्पोभर आणलं.

ते लावण्याआधी तिने खाचर तीनदा पावसाच्या पाण्याने भरू दिलं आणि तीनदा बांध फोडून ते पाणी खालच्या अंगाला सोडलं. खाली विनोदचं शेत होतं.

पुढच्या पंधरवड्यात तिचं भात तरारलं आणि विनोदचं करपलं. तो बांधावर आला, तेव्हा तिच्या शेतात तण काढणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या.

"वहिनी, उरलेलं रोप मला द्या."


"देते की, भावोजी. हे मिठाच्या जमिनीतलं रोप हाय. तुमच्या शेतात मीठ कुठनं आलं, तेवढं या बायकांसमोर सांगा नि घेऊन जा."