सीट लावून बघ

ट्रक अगदी शहाण्यासारखा चालू होता, आणि तेच मिस्त्रीचं दुखणं होतं.

शेडमध्ये उभा असला की तो कधीच बंद पडायचा नाही. बंद पडायचा समोरच्या चढावर, मालासकट, मागे गाड्यांची रांग लावून. मिस्त्रीने डिझेलचा पंप बदलला होता, फिल्टर बदलले होते, एकेक वायर हाताखालून घातली होती. संशय फिरून फिरून एकाच जागी यायचा. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ॲल्युमिनियमची एक चपटी डबी होती. इंजिनाचा कॉम्प्युटर. केव्हा किती डिझेल सोडायचं, हे तिच्या हातात. पण नुसत्या संशयावर मिस्त्री पार्ट बदलत नसे. दोष आधी डोळ्यांसमोर घडला पाहिजे, मगच स्क्रूला हात, हा त्याचा नेम होता.

"आज शेवटचं बघ बाबा," मावशी म्हणाली. ट्रक तिचा, चालवायचीही तीच. सगळा रस्ता तिला मावशीच म्हणायचा. "तुला बोल लावत नाही मी. पण आज नाही जमलं तर यांना देऊन टाकते."

यांना म्हणजे भंगारवाल्याला. दाराशी स्टुलावर बसून तो चहा पीत होता आणि ट्रक कुठून कापायला घ्यावा, हे नजरेनेच ठरवत होता.

"चेसिस चांगली आहे," तो म्हणाला.

"अहो, जिवंत आहे अजून ती. जरा धीर धरा," मावशी म्हणाली.

शेडच्या कोपऱ्यात मिस्त्रीची थोरली बहीण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायची. अक्काने मान वर न करताच टोमणा मारला, "बाळ्या, तू असा टक लावून बसतोस ना, म्हणून लाजते ती. पाहुण्यांसमोर पोरं कशी गुणी होतात, तशी."

"अक्का, थट्टा पुरे."

मिस्त्री केबिनच्या उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसला होता. त्याचं काम नेटकं. आधी सीट काढायची, पुसून बाकावर ठेवायची, मग डबीवरचं झाकण काढायचं, दोन्ही दारं उघडायची, आणि मग मीटर लावायचा. उस्तादाने शिकवलेला क्रम त्याने आजवर मोडला नव्हता.

मावशीने बाकावरच्या सीटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एक विचारू? रागावू नकोस. मी काय अशी सीट काढून, दारं सताड उघडी टाकून चालवते का रे गाडी?"

मिस्त्रीचा हात थांबला.

"ही सीट जागच्या जागी असते. वर माझी वळकटी. दारं बंद. खालून इंजिनाची धग. सीट लावून बघ की एकदा."

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. दर वेळी तो डबीच्या अंगावरचं पांघरूण काढत होता, तिला वारा घालत होता, आणि मग विचारत होता, सांग बाई, कुठे दुखतंय?

"लावा! सगळं परत लावा!"

झाकण बसलं, सीट बसली, वळकटी चढली, दारं लागली. आत मिस्त्री घामाने निथळत बसला. बाहेर अक्का हातातलं काम टाकून येऊन उभी राहिली. इंजिन धडधडत राहिलं. धडधडत राहिलं. मग एक उसासा टाकल्यासारखं अडखळलं, आणि गप्प झालं.

मिस्त्रीने आत टाळी वाजवली.

"गेली?" भंगारवाला स्टुलावरून उठला.

"गेली! काय सुरेख गेली!"

पिशवीत बांधलेला बर्फ डबीवर ठेवला, तशी पहिल्याच किल्लीला गाडी चालू. बर्फ काढून पुन्हा वळकटी घातली, की बंद.

"बस कर," अक्का म्हणाली. "छळू नकोस बिचारीला."

तिने डबी उघडून नाकाशी नेली. आतल्या कपॅसिटरमधलं रसायन पाझरून तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या गेल्या होत्या. शिळ्या मासळीसारखा वास येत होता. "ही आता सुधारायची नाही. दुसरी लागेल."

मिस्त्री भंगारवाल्याकडे वळला. "तुमच्याकडे याच मॉडेलची एक कापली होती ना?"

भंगारवाल्याने कप खाली ठेवला. मग तो निघाला, आणि आला तो धापा टाकत, डबी पोटाशी धरून. नंबर जुळत होता. जुन्या डबीत या इंजिनाच्या सवयी साठवलेली एक चिप होती. अक्काने ती चिमट्याने उचलली, श्वास रोखून नव्या जागी बसवली. मिस्त्रीने तीही डबी वळकटीखाली घालून भाजून काढली. इंजिनाने साधा ठसकाही दिला नाही.

"मावशी, चढ चढून वरून वळून या. गरम इंजिन बंद करून पुन्हा लावून बघू."

भरलेला ट्रक चढाला लागला. तिघं दारात. पाण्याच्या टाकीशी तो नेहमी मान टाकायचा. टाकी आली.

"चल, चल, चल गं!" हा आवाज भंगारवाल्याचा होता.

टाकी मागे पडली. ट्रक माथ्यावर पोचला, आभाळाला टेकल्यासारखा दिसला आणि पलीकडे उतरला. पलीकडून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. मग आणखी एक, जरा दूरचा. मग आणखी दूरचा.

भंगारवाला वाट बघत राहिला. "परत येणार होत्या ना त्या?"

मिस्त्रीने हात पुसले.

"कशाला?"