नकलेचं शेवटचं पान

तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या डोंगरातल्या गवरिये आजोबांनी मठातल्या नऊशे वर्षांपूर्वीच्या बायबलची नक्कल हाताने उतरवली होती. ती ताडून पाहायला स्वीडनहून आलेली नहरीन आठवडाभर त्यांच्या ओट्यावर, दोन्ही पोथ्या शेजारी ठेवून ओळीओळीवर बोट फिरवत होती. ओट्यावर कुणी माणूस बसलंय, याचंच आजोबांना अप्रूप होतं.

"तुमच्या नकलेवर शंका काढणाऱ्यांची तोंडं बंद होतील, आजोबा! वचनांत एका अक्षराचाही फरक नाही."

"फरक करणारा मी कोण? आधी द्राक्षं खा. उपाशीपोटी एकाची दोन अक्षरं दिसतात."

"एकाच ठिकाणी चुकलात बघा." शेवटचं पान उलटून ती हसली. "इथे लिहिणाऱ्याने स्वतःचं मागणं लिहायचं असतं ना? तुम्ही त्या जुन्या पोथीच्या लेखनिकाचंच उतरवलंत! 'गाव रिकामं झालं. मी एकटा उरलो. वाचणाऱ्या, माझ्यासाठी एक प्रार्थना कर.'"

आजोबांनी बोरूचं टोक पुसलं.

"नक्कल आधीच्या पानावरच संपली, पोरी. हे पान माझं आहे. लिहायला बसलो, तर त्याचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही."